सरकार कशासाठी असतं? १९७२ चा दुष्काळ आणि ‘मागेल त्याला काम’

कोरडवाहू (धागाकर्ता)

इथल्या अर्थकारणाच्या धाग्यांवर एक मत वारंवार वाचायला मिळतं. सीमा राखणं, चोर पकडणं आणि तंटे सोडवणं एवढंच सरकारचं काम, बाकी सगळी लुडबूड. असं लिहिणारे विचार करून लिहितात, त्यामुळे त्यांना नीट उत्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं. व्याख्यांची अदलाबदल करून ही चर्चा पुढे जात नाही. त्यापेक्षा, महाराष्ट्रात सरकारच्या कामाची हद्द एकदा कायद्याने बदलली गेली आणि ते पाहिलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत, त्याबद्दल लिहितो.

१९७० पासून पाऊस दगा देत होता आणि १९७२ साली कळस झाला. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, पुण्याचा पूर्व भाग, सांगली-साताऱ्याकडचे माण, खटाव, आटपाडी, जत. खरीप करपला, रब्बीची पेरणी बऱ्याच ठिकाणी झालीच नाही. दुष्काळ म्हटलं की आपल्याला धान्य संपलं असं वाटतं. पण शेतमजुराचं संकट त्याआधी सुरू होतं. पीक नाही म्हणजे खुरपणी नाही, काढणी नाही, मळणी नाही. म्हणजे मजुरी नाही. दुकानात ज्वारी आली तरी ती घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतात. बाजार अशा माणसाकडे बघत नाही, कारण बाजाराला मागणी कळते ती पैशातून.

राज्य सरकारने कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास, म्हणजे दहातला एक जण दुष्काळी कामावर! हाल प्रचंड झाले, जनावरं गेली, पण जुन्या दुष्काळांत माणसं जशी लाखांनी मेली तसं झालं नाही.

माझ्या मते खरी गोष्ट याच्या पुढची आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे १९६० च्या दशकापासून एक कल्पना मांडत होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तिचा प्रयोगही करून पाहिला होता. कल्पना अशी की खेड्यातला जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचं काम मागेल त्याला ते देणं सरकारवर बंधनकारक असावं, दुष्काळ असो की नसो. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी ती उचलून धरली. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशाची सोयही केलेली होती. नोकरदारांवर व्यवसाय कर, बागायती जमिनीवर कर, वाहन आणि विक्री करांवर अधिभार, आणि जेवढं जमा होईल तेवढीच भर राज्याने तिजोरीतून घालायची. आपल्या पगारपत्रकावर आजही महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, तो हाच कर.

माझं म्हणणं एवढंच आहे. देवस्थान अन्नदान करतं, श्रीमंत माणूस विहीर खोदून देतो, कारखाना रोजगार देतो. यातल्या कुणाकडेही गरजू माणूस हक्काने जाऊन ‘द्या, नाहीतर का देत नाही ते लिहून द्या’ असं म्हणू शकत नाही. सरकारकडे म्हणू शकतो. निदान म्हणू शकला पाहिजे. सरकारला आपण कर गोळा करण्याची सक्ती बहाल करतो, ती या बदल्यात. तुमचं मत काय?

---

नीरक्षीर

लेख आवडला. तरी मतभेद आहेत आणि ते मुळातले आहेत.

पहिला मुद्दा सक्तीचा. व्यवसाय कर भरला नाही तर दंड होतो, व्याज लागतं. सक्तीने घेतलेल्या पैशाचा खर्च फक्त अशा गोष्टींवर व्हावा, ज्या कुणालाही एकट्याने विकत घेता येत नाहीत. शत्रूपासून संरक्षण किंवा निःपक्ष न्यायालय मी एकट्याने उभं करू शकत नाही. काम मिळवणं त्या जातीचं नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हातात रोजची भाकरी असते त्याच्यापुढे माणूस मान खाली घालतो. पोटाची किल्ली सरकारकडे दिलीत की मतदाराचा आश्रित व्हायला वेळ लागत नाही. गावात काम कुणाच्या शेताजवळ काढायचं, कुणाचं नाव आधी घ्यायचं, हे ठरवणारा माणूस कुठल्या ना कुठल्या गटाचा असतोच.

तिसरं म्हणजे खटले वर्षानुवर्षं पडून आहेत, पोलिसांची पदं रिकामी आहेत. जे काम सरकारशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही तेच धड होत नसताना त्याच्या अंगावर आणखी ओझं का टाकायचं?

---

माणगंगा

मी आटपाडीकडची. आईने बहात्तरला खडी फोडलीय. तिच्याकडून जे ऐकलं ते लिहिते.

घरात धान्य नव्हतं. रेशनवर मिलो मिळायचा, लाल रंगाची परदेशी ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची, पण तीच होती. कामावर सुकडी वाटायचे, ती आई पदरात बांधून आमच्या थोरल्या भावासाठी आणायची. उन्हात दिवसभर बसून हातोडीने दगड फोडायचे. डोळ्यांत चुरा जायचा, बोटं फुटायची. मुकादम माप घ्यायचा तेव्हा ढिगात पोकळी दिसली की मजुरी कापायचा. पगार वेळेवर व्हायचा नाही, मग दुकानदाराकडे उधारी. फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला तसेच पडून होते, हेही खरं. सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी आई नेहमी सांगायची. एक म्हणजे गाव सुटलं नाही. तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या दुष्काळांत माणसं बाहेर पडायची आणि परत यायची नाहीत. दुसरी म्हणजे हजेरीपटावर तिचं स्वतःचं नाव होतं. तोवर दुसऱ्याच्या रानात कामाला गेली तरी पैसे दादांच्या किंवा आज्याच्या हातात पडायचे. इथे तिने अंगठा उठवला आणि पैसे तिने घेतले. त्या कामाला कुणी भीक म्हटलं तर ती चिडायची. ‘भिकेला माप लावतात का?’ म्हणायची.

नीरक्षीर, आश्रित व्हायची भीती तुम्ही सांगितली ती बरोबर आहे. पण हे काम नसतं तर ती कुणाची आश्रित झाली असती तेही धरा. गावातल्या सावकाराची. तो तर निवडणुकीलाही उभा राहत नाही.

---

अभिलेख

माणगंगाताई, मनापासून आभार. ‘भिकेला माप लावतात का’ हे मी लिहून ठेवलं.

थोडा मागचा इतिहास जोडतो, कारण खडी फोडायला लावून मजुरी देण्याची पद्धत १९७२ ची नाही, ती इंग्रजी अमदानीतली आहे. आणि तिची सुरुवात क्रूर आहे.

१८७३-७४ मध्ये बंगाल-बिहारात दुष्काळ पडला तेव्हा रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि सढळ हाताने मदतकार्य केलं. फार थोडी माणसं दगावली. बक्षीस काय मिळालं? उधळपट्टीचा ठपका. मग १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि आपला मुंबई इलाखा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्याच टेंपलला खास प्रतिनिधी म्हणून पाठवलं, खर्च आवरायला. या वेळी त्याने धडा घेतलेला होता. कष्टाच्या कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर मजुरी आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. शिवाय काम मुद्दाम घरापासून दूर, दहा मैलांपलीकडे ठेवायचं, म्हणजे अगदी जिवावर बेतल्याशिवाय कुणी येणार नाही. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज ५० लाखांच्या पुढे जातात.

आपल्याकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या वेळी गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली, मजुरी कपातीविरुद्ध आवाज उठवला. हजारो मजुरांनी कपात झालेल्या कामांवर जाणंच सोडलं. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेचं हे काम आपल्याकडे फारसं आठवलं जात नाही, याचं वाईट वाटतं.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. खरंच गरज आहे का ते बघायची चाचणीची कामं कधी काढायची, मजुरी किती, शेतसारा कधी तहकूब करायचा, सगळं लिहिलेलं. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी त्या संहितेतली कलमं ‘केसरी’तून शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगितली. पीक बुडालं असेल तर सारा भरण्यासाठी जमीन विकू नका, सूट मागा, ती नियमात आहे. त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, कामं सुरू केली आणि कामावर येणाऱ्या बायांच्या मुलांना सांभाळायची सोय केली.

टेंपलचं उदाहरण मला या धाग्यासाठी महत्त्वाचं वाटतं. माणूस तोच, अनुभव तोच. एकदा त्याने माणसं जगवली आणि एकदा नाही. मधल्या काळात त्याचं मन बदललं असेलही, पण त्याला जाब विचारणारे दोन्ही वेळा लंडन-कलकत्त्यात होते आणि त्यांनी जाब विचारला तो खर्चाचा. कामावरच्या मजुराला जाब विचारायची काही सोयच नव्हती.

---

ओसरी

अभिलेख, यात दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याला बादशाही कोठारं उघडून लोकांना धान्य वाटलं, आणि शिक्षेची वेळ आली तेव्हा विठोबाने विठू महाराच्या रूपात जाऊन रक्कम भरली ही कथा. लहानपणी कीर्तनात ऐकताना डोळ्यांत पाणी यायचं. आता वाटतं, धान्य रयतेनेच पिकवलेलं आणि कोठारही त्यासाठीच. तरी ते उघडायला एका अधिकाऱ्याला जीव धोक्यात घालावा लागतो, म्हणजे त्या राज्यव्यवस्थेत कुठेतरी मोठं वैगुण्य आहे.

---

नीरक्षीर

अभिलेख यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यातूनच माझा प्रश्न अधिक टोकदार होतो.

इंग्रजांनी दगड फोडायला लावले, बहात्तरला दगड फोडायला लावले, १९७९ नंतरही अंगमेहनतीचंच काम. तर्कही तोच, की काम कष्टाचं ठेवा म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच येईल. मग कोरडवाहू म्हणतात तो सरकारच्या कामाच्या हद्दीतला बदल नेमका कुठे झाला? मजुरी थोडी बरी झाली एवढाच?

---

कोरडवाहू

याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

काम तेच राहिलं, हे मान्य. बदललं ते हे की काम सुरू करायचं कुणी ठरवायचं.

दुष्काळ संहितेत सगळं यंत्र सरकारच्या घोषणेवर चालायचं. कलेक्टरने अहवाल द्यायचा, वरून दुष्काळ जाहीर व्हायचा, मग संहिता लागू. १९४३ साली बंगालमध्ये हीच संहिता कपाटात होती. चांगली लिहिलेली, अनुभवातून घडलेली. पण तिथल्या सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. सुमारे ३० लाख माणसं गेली. नियम होता आणि तो लागू करायचा की नाही हे ज्याच्या हातात होतं, त्याला उपाशी माणसाशी काही देणंघेणं नव्हतं.

१९७७ च्या कायद्याने ती किल्ली मजुराच्या हातात दिली. कुणी दुष्काळ जाहीर करण्याची गरज नाही. त्याने अर्ज केला की पंधरा दिवसांची मुदत सुरू. काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता. भत्त्याची रक्कम सुरुवातीला दिवसाला एक रुपया इतकी हास्यास्पद होती, त्याबद्दल मला आजही राग आहे. पण तत्त्व बघा. गरज आहे की नाही हे ज्याचं पोट रिकामं आहे त्याने सांगायचं आणि सरकारने ते खरं मानून हलायचं. राज्यकारभाराच्या इतिहासात अशी उदाहरणं फार कमी आहेत. हाच धागा पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यात गेला आणि देशभर पोचला. विसापूरच्या माळावरची कल्पना संसदेत गेली याचा मराठी माणसाला जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही.

तुमच्या आश्रितपणाच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. मर्जीवर मिळणारं माणसाला आश्रित करतं. हक्काने मिळणारं करत नाही, अट एकच की तो हक्क कागदावरून खाली उतरला पाहिजे.

---

हजेरी_सहायक_निवृत्त

कागदावरून खाली उतरण्याबद्दल मी सांगू शकतो. रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या कामांवर हजेरी सहायक होतो. तालुका-जिल्हा सांगत नाही.

अर्जाचा नमुना ४ आणि त्याची पोच म्हणजे नमुना ५. अर्ज सगळेच घेतात. तारीख टाकून पोच द्यायला कुणी तयार नसतं! पोच दिली की पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते आणि सोळाव्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर जबाबदारी येते. म्हणून ‘उद्या या’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘छापील नमुने संपलेत’. मजूर चार दिवस हेलपाटे मारतो, मग ऊसतोडीला निघून जातो. वरच्या अहवालात मात्र लिहिलं जातं की तालुक्यात कामाला मागणी नाही.

मी अशा कार्यालयांतही काम केलंय जिथे एका तहसीलदारांनी भिंतीवर पाटी लावून रोज किती पोच दिल्या ते लिहायला लावलं होतं. त्याच माणसांकडून, त्याच पगारात, कामं वेळेत निघाली. आणि अशाही कार्यालयात होतो जिथे हजेरीपटावर मेलेल्या माणसांच्या सह्या होत्या. खोट्या हजेऱ्या, फुगवलेली मापं, यंत्राने काम उरकून मजुरांच्या नावावर पैसे उचलणं, हे सगळं झालंय. नाकारण्यात अर्थ नाही.

नीरक्षीर साहेब म्हणतील, हेच तर मी सांगतोय. पण भ्रष्टाचार कुठे जास्त होता हे मी पाहिलंय. जिथे मजूर संघटित होते, मोर्चा घेऊन पंचायत समितीवर यायचे, हजेरीपट वाचून दाखवा म्हणायचे, तिथे आमच्या लोकांची हिंमत व्हायची नाही. जिथे मजुरांना योजना म्हणजे उपकार वाटायची तिथे रान मोकळं होतं. हक्क आहे हे माहीत असणं हीच तिथली तपासणी होती.

---

बांधावरचा

शेतकऱ्याची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. डाळिंबाची बाग आहे, छाटणीच्या वेळी मजूर मिळत नाही. रोहयोमुळे मजुरी वाढली ही तक्रार आमच्याकडे सगळे करतात आणि ती पूर्ण खोटी नाही.

मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. १९९० साली फळबाग लागवड रोहयोला जोडली. खड्डे खोदणं, रोपं लावणं, जगवणं, या कामाचे पैसे योजनेतून. आमच्यासारख्या माळरानाच्या मालकांनी त्यातून बोर, डाळिंब, आंबा लावला, कोकणात काजू लागला. आज जे बागायतदार म्हणून मिरवतात त्यातल्या कित्येकांच्या बागेचा पहिला खड्डा रोहयोच्या पैशाने खणलाय. माझ्याही. विहिरींना पाणी आहे ते वरच्या पाझर तलावामुळे, आणि तो बहात्तरचा आहे. मजुराच्या हक्कातून झालेल्या कामाचा मोठा फायदा जमीनवाल्याला झाला. ज्याला जमीन नाही त्याला मजुरी मिळाली आणि काम संपलं. सरकार कुणासाठी असतं या प्रश्नाचं हे अवघड उत्तर आहे, आणि आम्ही शेतकऱ्यांनी ते टाळू नये.

---

माणगंगा

बांधावरचा दादा, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत याला मोठं मन लागतं. आमची जमीन नव्हती. आईने जो तलाव खोदला त्याचं पाणी आमच्या दारात कधी आलं नाही. म्हणून पुरंदरला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायतीत जे धरलं होतं ते मला फार मोलाचं वाटतं, की पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा, आणि भूमिहीनालाही वाटा.

---

वैनगंगेकाठी

चर्चा वाचतोय. सगळे जण सरकार म्हणजे पलीकडे बसलेलं कुणीतरी असं धरून बोलताहेत. अर्ज आपण करायचा, द्यायचं त्यांनी. गडचिरोलीतल्या मेंढा गावाबद्दल सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. त्यांची घोषणा अनेकांनी ऐकली असेल : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. घोषणा सोपी आहे, तिच्यामागची शिस्त अवघड आहे. गावाचे निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने होतात. बहुमताने नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, बोलणं चालू राहतं. निर्णय घेण्याआधी विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यास गट बसतो, त्यात बाहेरचे जाणकारही येतात, पण तिथे निर्णय होत नाही.

वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वन खात्याचा. खातं तो देईना. गावाने वाद सोडला नाही, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. त्यानंतर बांबूचा पैसा थेट ग्रामसभेकडे येऊ लागला. त्याचं काय करायचं हेही तीच ठरवते.

माझं म्हणणं, सरकारचं मूळ काम वस्तू किंवा मजुरी वाटणं हे नंतरचं. एकत्र राहणाऱ्या माणसांनी जे एकेकट्याने ठरवता येत नाही ते मिळून ठरवण्याची जागा म्हणजे सरकार. ती जागा जितकी घराजवळ तितकं ते खरं.

---

नीरक्षीर

मेंढ्याचं उदाहरण मला पटलं, कारण तिथे सक्ती जवळपास नाहीच. ज्याला मान्य नाही त्याच्यावर कुणी लादत नाही. सरकार असंच असावं असं मी म्हणतो. पण एवढ्याशा गावाची सर्वसहमती आणि पाच कोटींचा दुष्काळ यांचं गणित कसं जुळणार? माण तालुक्यात पाऊस पडला नाही तर माणच्या ग्रामसभेने पैसे कुठून आणायचे?

---

वैनगंगेकाठी

नाही आणता येणार. तिथे मुंबईच्या पगारातला पैसाच लागतो, आणि तो गोळा करायला राज्यच लागतं. मेंढ्यालाही जंगलाचा हक्क संसदेच्या कायद्यानेच मिळाला हे मी विसरलेलो नाही. पण आलेल्या पैशातून तलाव कुठे करायचा, आणि माणगंगाताई म्हणतात तसं त्याचं पाणी कुणाला, हे मुंबईने ठरवू नये.

---

नीरक्षीर

हे मी मान्य करू शकतो. माझी भूमिका आता अशी राहते. दुष्काळात माणूस जगवणं हे संरक्षणाइतकंच मूळ काम आहे, कारण तेही एकट्याला जमत नाही. तिथे माझा विरोध संपला. बारमाही हमीबद्दल शंका आहे. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आहे, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्दही आहेत, आणि कलम ३७ नुसार ही मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयात अंमलात आणता येत नाहीत. घटनाकारांनी ही मर्यादा विचारपूर्वक घातली होती. आणि व्यवसाय कराच्या रूपाने जमलेला सगळा पैसा दरवर्षी रोहयोवर खर्च झाला नाही, तो तिजोरीत इतरत्र वळला, याचं उत्तर कोण देणार? ज्या कारणासाठी सक्ती केली त्या कारणासाठी पैसा वापरला नाही, तर ती सक्ती माझ्या लेखी बेकायदा नसली तरी अन्यायाची आहे.

---

कोरडवाहू

शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. नोव्हेंबरात पगारातून कापलेला पैसा आणि जूनमध्ये ‘निधी नाही’ म्हणून थांबलेली मजुरी या दोन गोष्टी एकाच राज्यात घडतात, आणि पगारदार व मजूर दोघांनी मिळून याचा जाब विचारायला हवा. तो कधी विचारला गेला नाही, कारण पगारदाराला हा कर कशाचा हेच माहीत नाही.

कलम ३७ चं पुढचं वाक्यही वाचा. न्यायालयात अंमलात आणता येत नसली तरी ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं तिथे लिहिलंय. महाराष्ट्राने १९७७ मध्ये तेच केलं. न्यायालयात मागता न येणारी गोष्ट कायदा करून हक्काची केली. क्षमतेची मर्यादा होतीच, म्हणून कर बसवून क्षमता तयार केली. बारमाही हमीवर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय. मला ती हवी आहे, कारण कोरडवाहू भागात मार्च ते जून हा दरवर्षीचा लहान दुष्काळच असतो, फक्त तो कुणी जाहीर करत नाही.

हजेरी सहायक काका, एक विनंती. ज्या कार्यालयात पोचांची पाटी लागली होती तिथली पद्धत सविस्तर लिहाल का? पाटी कोण लिहायचं, खोटं लिहिलं तर कसं कळायचं? आमच्या गावात करून बघायचं आहे.

---

हजेरी_सहायक_निवृत्त

लिहितो. पाटी कार्यालयाच्या आत लावायची नाही, ही पहिली अट. बाहेर, एसटी थांब्याकडून दिसेल अशी. आकडा कारकुनाने लिहायचा, पण वाचायचा अर्जदारांपैकी कुणीतरी, मोठ्याने, संध्याकाळी कार्यालय बंद व्हायच्या आधी. ज्याच्या हातात पोच आहे तो तिथेच उभा असतो, त्यामुळे दहा माणसांना पोच देऊन पंधराचा आकडा लिहिता येत नाही, आणि पंधरा जणांना परत पाठवून शून्यही लिहिता येत नाही. सुरुवातीला आठवडाभर कुणी वाचायला पुढे येत नव्हतं. मग बाया वाचायला लागल्या. बाकीचं उद्या लिहितो, नमुना ५ कसा भरायचा त्याच्यासकट.